माग्रितच्या त्या खोलीत नक्की काय चाललंय? बाई मेलीय आणि हा गाणं ऐकतोय

कोपऱ्यातली_खुर्ची:

मंडळी, एक चित्र चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय, चित्रकलेतलं कुणाला कळत असेल तर सांगा. रने माग्रित या बेल्जियन चित्रकाराचं १९२७ सालचं आहे, फ्रेंच नाव 'लासासँ मनासे', इंग्रजीत 'द मेनेस्ड असॅसिन'. मराठीत काय म्हणायचं माहीत नाही, 'धोक्यात आलेला खुनी' म्हणूया. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही, म्युझियमच्या साइटवर झूम करून रात्री तासभर बघत बसलो, तिथेच चुकलं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक खोली, लाकडी फळ्यांची उघडीबोडकी जमीन, गालिचा बिलिचा काही नाही. लाल कोचावर एक बाई पडलीय, अंगावर कपडे नाहीत, तोंडातून रक्त आलंय, गळ्याशी पांढरा कपडा टाकलाय त्यामुळे मुंडकं धडाला आहे की नुसतं आणून ठेवलंय असा संशय येतो. जवळच टेबलावर कर्ण्याचा ग्रामोफोन आणि सुटातला एक माणूस त्या कर्ण्याकडे तोंड करून उभा. निवांत. खुर्चीवर त्याचा कोट आणि हॅट, शेजारी बॅग, म्हणजे साहेब निघालेच होते तेवढ्यात गाणं कानावर पडलं आणि थांबले. आपल्या बाजूला, दाराच्या दोन्ही अंगांना, भिंतीआड दोन माणसं दबा धरून बसल्यासारखी उभी, डोक्यावर गोल काळ्या हॅट, एकाच्या हातात सोटा आणि दुसऱ्याच्या हातात जाळं. जाळं! मासे धरतात तसलं. आणि मागे बाल्कनीच्या कठड्यावरून तीन डोकी ओळीत डोकावताहेत, त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर.

आता माझा प्रश्न. एक तर हे चित्र भीतीदायक नाहीये, म्हणजे दचकायला होत नाही, पण बघताना पोटात काहीतरी हळूहळू घट्ट होत जातं, ते कशामुळे? आणि दुसरं जास्त खटकलेलं, सांगायला जरा लाज वाटते, मला त्या बाईबद्दल काहीच वाटलं नाही. उलट त्या माणसाची काळजी वाटली. अरे बाबा निघ ना, बाहेर दोघं उभेत, असं मनात आलं. खुनी तो आणि काळजी मला त्याची. डोकं फिरलंय का माझं?

अर्थ शोधायला गेलो तर एकीकडे लिहिलंय की हे सगळं त्याच्या आईच्या आत्महत्येबद्दल आहे, संपलं. दुसरीकडे लिहिलंय की अतिवास्तववादी (म्हणजे स्वप्नात दिसतात तशा न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र आणणाऱ्या) चित्राला अर्थ नसतो, विचारू नका. दोन्ही वाचून पाट्या टाकल्यासारखं वाटलं.

रात्रपाळी:

अरे वा, माझं आवडतं चित्र! डोकं बिकं काही फिरलेलं नाही तुमचं, तुम्हाला तसंच वाटावं म्हणून ते काढलंय असं माझं मत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे जाळ्याचं कोडं जरा सुटेल (किंवा वाढेल). १९११ पासून फ्रान्समध्ये फँटोमास नावाच्या गुन्हेगारावर स्वस्तातल्या कादंबऱ्या निघायला लागल्या, सुव्हेस्त्र आणि आलँ या दोघांनी मिळून महिन्याला एक या वेगाने ३२ पाडल्या. लुई फोयाद नावाच्या दिग्दर्शकाने १९१३-१४ मध्ये त्यावर पाच मूकपट काढले. फँटोमास म्हणजे खून करून मजेत निघून जाणारा, रोज नवा चेहरा लावणारा माणूस आणि त्याच्या मागावर ज्यूव नावाचा इन्स्पेक्टर जो कायम एक पाऊल मागे. माग्रित तेव्हा चौदा-पंधराचा, त्याला याचं वेडच होतं आणि ते मोठेपणी पण गेलं नाही. दाराच्या दोन बाजूंना दोन माणसं टपून उभी ही मांडणी त्या सिनेमांच्या फ्रेममधूनच आलीय असं बरेच जाणकार सांगतात. मूकपट डोळ्यासमोर आणा, कॅमेरा एका जागी, नाटकासारखी खोली, सगळे जण फ्रेममध्ये नीट दिसतील असे उभे. चित्रात तेच आहे, फक्त पुढचं दृश्य येत नाही.

आता खरी मजा. १९२८ मध्ये माग्रितने स्वतः एक छोटासा मजकूर लिहिला होता, त्यात ज्यूव झोपलेल्या फँटोमासला गाठतो, बांधतो पण, तरी तो निसटतोच. मग ज्यूवकडे एकच उपाय उरतो. फँटोमासच्या स्वप्नात शिरायचं आणि तिथलं एक पात्र बनून त्याला धरायचं!! हे वाचल्यापासून मला ते दोन हॅटवाले पोलीस वाटतच नाहीत. पोलीस कधी जाळं घेऊन येतो का. मला ते त्या खुन्याच्या स्वप्नात शिरलेले लोक वाटतात, मजकूर चित्रानंतरचा आहे हे मान्य, पण डोकं तेच ना. स्वप्नात कसं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि तरी कुणी हलत नाही, तसं.

सरळ_प्रश्न:

सगळं वाचलं. एक बोलू का, रागावू नका. माणसं लाकडाची वाटतात कारण त्याला माणसं काढता येत नव्हती. बाकी सगळं आपण घालतोय त्यात. माझ्या पुतण्याने असं काढलं असतं तर चित्रकलेच्या बाईंनी परत काढून आण म्हटलं असतं.

ओला_कॅनव्हास:

@सरळ_प्रश्न रागावत नाही, कारण १९२७ मध्ये ब्रसेल्सच्या ल सेंतोर गॅलरीत त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं, हे चित्र त्यात होतं, तेव्हाच्या समीक्षकांचं मतही तुमच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं :) पण काढता येत नव्हतं हे काही पटत नाही. हा माणूस ब्रसेल्सच्या अकादमीत शिकलेला, वॉलपेपरच्या कारखान्यात डिझाइनचं काम केलेला, मग पोट भरायला जाहिराती आणि पोस्टर करणारा. ज्याला गिऱ्हाइकासाठी फरकोट घातलेली देखणी बाई काढता येते त्याला इथे पण काढता आली असती. काढली नाही.

@खुर्ची तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, ते पोटात घट्ट होण्याचं, मी जरा हाताने काम करणाऱ्याच्या बाजूने सांगतो. मी हे चित्र एकदा शिकण्यासाठी कॉपी करायला घेतलं होतं, छोट्या साइजमध्ये, तेव्हा काही गोष्टी लक्षात आल्या ज्या नुसतं बघून आल्या नसत्या.

एक म्हणजे रंग लावायची पद्धत. ब्रशचा फटकारा कुठेच नाही. जिथे रक्त आहे, प्रेत आहे, तिथे दुसऱ्या कुणाही चित्रकाराचा हात जरा तरी जोरात चालला असता, रंगाचा थर चढला असता. हा मात्र रक्त आणि जमिनीची फळी एकाच मनःस्थितीत रंगवतो, दुकानाची पाटी रंगवणारा 'अ' आणि 'ब' सारख्याच मन लावून रंगवतो ना तसं. म्हणजे चित्रातली माणसं थंड आहेत हे तर आहेच पण चित्र काढणारा हातसुद्धा थंड आहे, आणि आपल्याला त्याचं भान येत नाही, फक्त गार वाटत राहतं.

मग अंतर. जमिनीच्या फळ्या तुम्हाला ओढत आत नेतात, पुढचे दोघं, मग खोली, मग कठडा, मग डोंगर. एकामागे एक पडदे लावल्यासारखं. प्रत्येक पडद्यावर माणसं आहेत आणि प्रत्येक पडद्यावरच्यांना काहीतरी दिसत नाहीये. पुढच्या दोघांच्या आणि खोलीच्या मध्ये भिंत आहे, त्यांना आतलं दिसत नाही. आतल्याला ते दिसत नाहीत. त्याचं तोंड कर्ण्याकडे, त्यामुळे मागची तीन डोकी त्याला दिसत नाहीत. सगळं दिसतंय फक्त तुम्हाला. आणि तुम्हाला ओरडता येत नाही. पोटात घट्ट होतं ते हे असावं.

मूळ चित्र लहान नाहीये हेही लक्षात घ्या, १५० बाय १९५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट उंच आणि सहा फुटांहून रुंद. फोनवर ते कथेतलं चित्र वाटतं पण समोर उभं राहिलं की पुढचे ते दोघं जवळजवळ तुमच्याच खोलीत उभे असणार.

एक प्रयोग करा. स्क्रीनवर हाताने पुढचे दोघं झाका. लगेच साधी गुन्हेकथा होते, खुनी आणि प्रेत. आता त्यांना उघडा आणि बाईला झाका. विनोदी होतं! सात-आठ... चुकलो, सहा शहाणे पुरुष एका ग्रामोफोनभोवती गंभीर चेहरे करून उभे. मग मागची तीन डोकी झाका, खोलीतली हवाच बदलते, एकदम खासगी होतं सगळं. मला वाटतं या चित्राचा मूड कुठल्या एका वस्तूत नाहीच, तो या तुकड्यांच्या एकमेकांशी न जुळण्यात आहे.

सरळ_प्रश्न:

बाईला झाकून बघितलं. हसलो. ठीक आहे, पुतण्याचं विधान मागे घेतो.

काजळी:

आईच्या गोष्टीबद्दल लिहिते कारण ती दरवेळी येते आणि दरवेळी अर्धीच येते.

खरं एवढं आहे की त्याची आई रेजिना फेब्रुवारी १९१२ मध्ये एका रात्री घरातून निघून गेली, शातले गावाजवळ साँब्र नदीत तिने जीव दिला, आणि प्रेत मिळालं मार्चमध्ये, म्हणजे दोन आठवड्यांनी. रने तेव्हा १३ वर्षांचा. पुढे जी गोष्ट सांगतात, की नदीतून काढताना तिचा रात्रीचा झगा वर सरकून चेहऱ्यावर गुंडाळला गेला होता आणि पोराने ते स्वतः पाहिलं, आणि म्हणून पुढे त्याच्या चित्रांत कापडाने झाकलेले चेहरे येतात, ती गोष्ट अभ्यासकांनी आता बरीच संशयास्पद ठरवलीय, तो तिथे हजर होता याला आधार मिळत नाही. पण गोष्ट इतकी चपखल बसते की सोडवत नाही कुणाला. मला तिचीच भीती वाटते, अशा चपखल गोष्टीची. एकदा ती ऐकली की चित्राकडे बघणंच बंद होतं, कुलूप उघडलं, किल्ली खिशात, चला पुढच्या चित्राकडे.

तरीही मी ती पूर्ण फेकून देणार नाही. १९२६ मध्ये त्याने एक चित्र काढलं, एकट्या फिरणाऱ्या माणसाच्या चिंतनाबद्दलचं, त्यात गोल हॅटवाला पाठमोरा उभा आहे, जवळ नदी आणि पूल, आणि पुढे हवेत आडवं तरंगणारं एक पांढरंफटक प्रेत. हे बघून नदी आठवणार नाही असा माणूस दाखवा. आणि वर्षाच्या आत इथे पुन्हा आडवं प्रेत, पुन्हा गोल हॅट. त्यामुळे आई कुठेच नाही असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण 'हे चित्र आईबद्दल आहे' आणि 'हे चित्र काढणाऱ्याला आडव्या प्रेताची ओळख होती' या दोन वाक्यांत मला फार अंतर वाटतं. माग्रितला स्वतःला मनोविश्लेषणवाले अजिबात खपायचे नाहीत, चित्रातल्या वस्तूंना प्रतीकं म्हटलं की तो वैतागायचा, कारण प्रतीक सापडलं की माणसाला हायसं वाटतं आणि त्याला नेमकं तेच नको होतं.

आता माझी तक्रार. वरच्या सगळ्या उत्तरांत त्या बाईबद्दल कोण किती बोललं ते बघा. खुर्चीभाऊंनी निदान प्रामाणिकपणे सांगितलं की काही वाटलं नाही. रात्रपाळी यांना हॅटवाले महत्त्वाचे. चित्रकार दादांनी तिला झाकून विनोद करून दाखवला. चूक नाही तुमची, चित्रच तसं आहे, तिला खोलीतलं फर्निचर केलंय. सहा पुरुष आहेत आणि तिच्याकडे बघतोय असं एकाबद्दलही खात्रीने म्हणता येत नाही. त्या काळातल्या या अतिवास्तववादी मंडळींच्या चित्रांत बायका ढिगाने आहेत, पण बहुतेक ठिकाणी अशाच, झोपलेल्या, बिनडोक्याच्या, पुतळ्यासारख्या. मला या चित्रात भीती वाटते ती तिथे. की एवढी माणसं जमली ती कुणासाठीच जमली नाहीत. तिला वाचवायला तर नाहीच, तिची चौकशी करायला पण नाही. सगळा खेळ त्या पुरुषाला धरण्याचा.

रात्रपाळी:

@काजळी ताई हे वाचून गप्प झालो. खरंय. मी हे चित्र पंधरा वर्षं बघतोय आणि तिच्या केसांचा रंग कोणता ते मला आत्ता आठवेना, त्या बॅगेचा आठवला.

ओला_कॅनव्हास:

मान्य. फक्त एक भर घालतो, मुद्दा खोडायला नाही. तिला पुतळ्यासारखं रंगवलंय हे कॉपी करताना मलाही जाणवलं, त्वचेत रक्त कधी नव्हतंच असा रंग आहे. पण मग पुरुषांच्या चेहऱ्यांकडे आलो तर तिथेही तेच, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. खुनी आणि त्याला धरणारे भाऊ भाऊ वाटतात. त्यामुळे कधी कधी वाटतं खोलीत जिवंत असं कुणीच नाही, एक फक्त मेलेली कळून येते.

जुन्या_तबकड्या:

चित्रांतलं मला काही कळत नाही, ग्रामोफोन शब्द दिसला म्हणून आलो. जुन्या तबकड्या जमवायचा नाद आहे मला. चित्र बघितलं आणि मला पहिल्यांदा आठवला तो तबकडीच्या लेबलावरचा कुत्रा, कर्ण्यात तोंड घालून मालकाचा आवाज ऐकणारा. बरॉ नावाच्या इंग्रज चित्रकाराचं ते चित्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. या खुन्याची मान अगदी तशीच आहे हो. माग्रितच्या मनात ते होतं का मला माहीत नाही पण माझ्या मनातून आता जात नाही.

दुसरं, तुम्ही सगळे हॅट आणि जाळ्यात अडकलात पण तो ग्रामोफोन चालतो कसा हे कुणी विचारलं नाही. त्या काळातली ७८ वेगाची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते. बारा इंची असली तर चार, फार तर पावणेपाच. बस. आणि ती आपोआप थांबत नाही. गाणं संपलं की सुई आतल्या खाचेत जाते आणि तिथेच फिरत राहते, खर्रर्र खट, खर्रर्र खट, स्प्रिंगची चावी उतरेपर्यंत. कुणीतरी उठून सुई उचलायलाच लागते. ज्यांच्या घरात असलं यंत्र आहे त्यांना माहीत असेल की त्यामुळे तबकडी लावून लांब जाता येत नाही, ऐकताना माणूस यंत्राच्या आसपासच असतो, शेवटच्या अर्ध्या मिनिटात तर हात आधीच पुढे झालेला असतो.

म्हणून मला तो माणूस निर्विकार वाटतच नाही. तो सुई उचलायला थांबलाय. चांगल्या सवयीचा माणूस आहे, यंत्र चालू ठेवून जायचं नाही एवढं त्याला कळतं. प्रेत ठेवून जातोय ती गोष्ट वेगळी.

रात्रपाळी:

अरे देवा. तीन मिनिटं. म्हणजे बाहेरच्या दोघांना दिसत काहीच नाही पण ऐकू येतंय! ते गाणं संपायची वाट बघताहेत! गाणं थांबलं की तो कोट घालणार, हॅट घालणार, बॅग उचलणार, दारात येणार. त्यांच्यासाठी ते घड्याळ आहे.

काजळी:

आणि १९२७ पासून ती तीन मिनिटं संपलेली नाहीत.

जुन्या_तबकड्या, तुम्हाला चित्रांतलं कळत नाही हे पुन्हा लिहू नका.

कोपऱ्यातली_खुर्ची:

बापरे, काय काय लिहिलंत, कामावर बसून सगळं वाचलं, साहेब दोनदा मागून गेले. सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. हाताने झाकायचा प्रयोग केला, तीन डोकी झाकल्यावर खरंच खोलीचं दार लागल्यासारखं झालं. ग्रामोफोनचं तर फारच. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच राहिलाय, की मला काळजी त्याचीच का वाटली? गाण्यामुळे? गाणं ऐकणारा माणूस वाईट वाटत नाही म्हणून?

काजळी:

गाण्यामुळे थोडंसं असेल. पण मला वाटतं जास्त करून नावामुळे. नाव पुन्हा वाचा. फ्रेंचमध्ये 'असासँ' म्हणजे साधा खुनी, आपण मराठीत 'मारेकरी' म्हटलं की सुपारी घेतलेला डोळ्यासमोर येतो तसं तिथे यायलाच हवं असं नाही, त्यामुळे तुमचं 'खुनी' बरोबर आहे. आणि 'मनासे' म्हणजे ज्याच्यावर काहीतरी टपलंय, घोंघावतंय. आता गंमत बघा. या नावात बाई नाही. खून नाही, खोली नाही, गाणं नाही. एक माणूस आहे आणि त्याच्यावरचं संकट आहे. चित्र बघायच्या आधीच नावाने तुम्हाला त्याच्या बाजूला बसवलं. वर्तमानपत्रात 'विवाहितेचा खून' असा मथळा असता तर तुम्ही तिच्या बाजूने वाचलं असतं, इथे मथळा आहे 'खुन्याच्या जिवाला धोका'.

आणि माग्रितच्या बाबतीत नाव म्हणजे चित्राचं वर्णन असं धरून चालूच नका. बऱ्याच चित्रांची नावं चित्र झाल्यावर मित्रमंडळी बसून ठरवायची, पॉल नूजे वगैरे लेखक कवी लोक, आणि नावाने चित्राचं कोडं सुटता कामा नये उलट त्यात भर पडावी असा त्यांचा कटाक्ष होता. त्यामुळे मी म्हणेन नाव हा त्या चित्रातला आणखी एक माणूस समजा, तोही कुठेतरी भिंतीआड उभा आहे.

कुणीतरी एकदा नाव न सांगता हे चित्र कुणाला तरी दाखवून बघा. ज्याने याबद्दल काहीही वाचलेलं नाही अशा माणसाला.

सरळ_प्रश्न:

आमच्याकडे पुतण्या आहे पण त्याला हे दाखवलं तर वहिनी घरातून काढतील.

कोपऱ्यातली_खुर्ची:

दाखवलं. बायकोला, आत्ता जेवण झाल्यावर. नाव सांगितलं नाही, चित्रकार सांगितला नाही, फक्त म्हटलं बघ आणि काय चाललंय सांग. तिने फोन हातात घेतला, जरा वेळ बघितलं, बाईवर झूम केलं (काजळी ताई, तिने आधी बाईच बघितली, तुमच्या माहितीसाठी), मग खुर्चीवर आली, मग बॅगेवर. आणि म्हणाली, "डॉक्टर उशिरा आला वाटतं."

मी म्हटलं काय?

म्हणाली, "बॅग आहे ना. कोट काढून ठेवलाय, हॅट काढून ठेवलीय, म्हणजे आत्ताच आलाय. निघालेला माणूस आधी कोट घालतो. तपासलं, गेलेली आहे, आता काय करणार, गाणं लागलेलंच होतं ते ऐकत उभा राहिला."

मी म्हटलं मग ते बाहेरचे दोघं? तर म्हणाली ते तिला मारून निघालेच होते तेवढ्यात हा आला म्हणून भिंतीआड लपले असतील. आणि मागचे तीन? म्हणाली शेजारी. आणि फोन परत देऊन झोपायला गेली.

रात्रपाळी:

पंधरा वर्षं. पंधरा वर्षं मी त्या खुर्चीवरच्या कोटाला 'निघालाय' म्हणतोय. म्युझियमवाले पण तेच म्हणतात हो. आणि गाणं मग कुणी लावलं? तो नंतर आला असेल तर?

जुन्या_तबकड्या:

तिने लावलं असेल. आणि तीन मिनिटांच्या आत हे सगळं झालं, नाहीतर सुई खरखरायला लागली असती.

ओला_कॅनव्हास:

मी माझी ती जुनी कॉपी काढून बघितली आत्ता माळ्यावरून. बॅग मी घाईघाईत रंगवलीय, नीट बघितलीच नव्हती. उद्या परत बसतो.